घरचा सर्व्हर आणि विजेचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

घरातील छायाचित्रे, जमिनीचे कागद, मुलांच्या स्नेहसंमेलनांची चित्रणे आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे एका ठिकाणी सुरक्षित राहावीत, घरातील प्रत्येकाला ती आपापल्या फोनवर पाहता यावीत आणि त्यासाठी दरमहा भाडे भरावे लागू नये, अशी इच्छा व्यक्त करणारी पत्रे बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून आली आहेत. त्यासाठी घरात एक लहान संगणक अहोरात्र चालू ठेवावा लागतो. त्यालाच घरचा सर्व्हर म्हणतात. जवळजवळ प्रत्येक पत्रात पहिली चिंता यंत्राच्या किमतीची आहे. विजेची चिंता फार थोड्यांनी व्यक्त केली आहे आणि माझ्या मते तीच आधी करायला हवी, कारण यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते, वीज मात्र वर्षाचे ८,७६० तास लागते.

प्रश्न : मुलगा अभियांत्रिकीला असताना २०१० च्या सुमारास घेतलेला डेस्कटॉप संगणक आमच्या घरी पडून आहे आणि तो अजून चालतो. त्यावरच सर्व्हर उभारला तर एक रुपयाही खर्च होणार नाही, असे मला वाटते. मुलगा मात्र नको म्हणतो. आमचा विजेचा वापर महिन्याला सरासरी १६० युनिटे आहे आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे बिल शून्य येते. आपले मत कळवावे.
– एक निवृत्त बँक कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे योग्य आहे. सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ काहीही काम करत नसतो. कुणी छायाचित्र मागितले की काही सेकंद राबतो आणि पुन्हा स्वस्थ बसतो. म्हणून तो काम करताना किती वीज घेतो यापेक्षा नुसता बसलेला असताना किती घेतो, हाच खरा प्रश्न आहे. त्या काळातले डेस्कटॉप नुसते चालू असताना साधारणपणे ६० ते ८० वॅट घेतात. मधला आकडा म्हणून ७० वॅट धरले, तर महिन्याच्या ७२० तासांत ५० युनिटे खर्च होतात. तेच काम करणारा लहान संगणक बसल्या जागी १० वॅटांच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला सात युनिटे.

हे आकडे आपल्या बाबतीत गृहज्योतीच्या नियमाशी जोडून पाहावे लागतील. २०२३ पासून लागू असलेल्या या योजनेत मोफत विजेची मर्यादा प्रत्येक घराला वेगळी आहे : आपल्याएवढा वापर असलेल्या घरासाठी २०२२-२३ या वर्षातील मासिक सरासरी आणि तिच्यावर दहा टक्के. मर्यादा ओलांडली पण वापर २०० युनिटांच्या आत राहिला, तर वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. वापर २०० च्या पुढे गेला, तर त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. आपली त्या वर्षाची सरासरीही १६० असेल, तर मर्यादा १७६ होते. लहान संगणक जोडल्यावर वापर १६७ होईल आणि बिल शून्यच राहील. जुना डेस्कटॉप जोडल्यावर तो २१० होईल आणि सगळ्या २१० युनिटांचे बिल हातात पडेल. हिशेबासाठी एका युनिटाला सात रुपये धरले, तरी ते दरमहा सुमारे दीड हजार रुपये झाले. ज्यांच्याकडे ही सवलत नाही त्यांच्यासाठीसुद्धा दोन यंत्रांमधील ४३ युनिटांचा फरक वर्षाला साडेतीन हजार रुपयांहून अधिक भरतो, आणि तेवढ्या रकमेत लहान यंत्राची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ६५ वॅट, ३५ वॅट किंवा ६ वॅट असे जे आकडे असतात, ते पूर्ण भाराच्या वेळी निर्माण होणाऱ्या उष्णतेशी निगडित असतात. ॲडॉप्टरवरचा ६५ वॅट किंवा डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायवरचा ४५० वॅट हा आकडा त्याची कमाल क्षमता सांगतो. यांपैकी कशावरूनही बसल्या जागीचा वापर कळत नाही. उलट ४५० वॅटांच्या पॉवर सप्लायवर वीस-तीस वॅटांचाच भार असेल, तर त्याची कार्यक्षमता घसरते आणि आत येणाऱ्या विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेत जातो. लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॉप्टर असलेली छोटी यंत्रे काटकसरी ठरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून यंत्र घेताना मोजून पाहावे. प्लगमध्ये बसवायचा वॅटमीटर मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा तांबडा दिवाही पुरतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरच्या दर्शनी भागावर छापलेले असते आणि पुष्कळ मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. फ्रीज, इन्व्हर्टर, पंखे असे सर्व काही बंद करून फक्त संगणक चालू ठेवावा, दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे वॅट. दिवा दर सोळा सेकंदांनी लुकलुकला, तर यंत्र ७० वॅट घेत आहे. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल, तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागावे आणि आलेली संख्या ११२५ च्या जागी वापरावी. अगदी कमी वॅटांचा भार काही मीटर नोंदवतच नाहीत. अशा वेळी जुना ६० वॅटांचा पिवळा दिवा आधी एकटा मोजावा, नंतर संगणकासह मोजावा आणि वजाबाकी करावी. संगणक सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मगच मोजावे, कारण सुरुवातीच्या कामांमध्ये तो जास्त वीज घेतो.

तो जुना डेस्कटॉप टाकून देऊ नये. त्यात एक हार्ड डिस्क बसवून दर रविवारी दोन तास तो सुरू करावा, लहान सर्व्हरवरील सर्व साठ्याची प्रत त्यावर उतरवावी आणि बंद करावा. या कामाला महिन्याला अर्ध्या युनिटाच्या थोडी वर वीज लागेल, आणि उरलेला आठवडा ती प्रत विजेपासून व नेटवर्कपासून पूर्ण अलग राहील.

प्रश्न : निपाणीत माझा लहान फोटो स्टुडिओ आहे. लग्नांची छायाचित्रे आणि चित्रणे मिळून दोन टीबी साठा पाच-सहा पोर्टेबल डिस्कवर विखुरलेला आहे. माझ्याकडे पंधरा हजार रुपये आहेत. एक मित्र रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यायला सांगतो, दुसरा एन-१०० प्रोसेसरचा नवा मिनी पीसी घ्यायला सांगतो, आणि कोल्हापुरातील एका दुकानात सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा नूतनीकृत छोटा संगणक नऊ हजारांना मिळत आहे. काय घ्यावे?
– एक छायाचित्रकार, निपाणी

उत्तर : आपल्या कामासाठी मी नूतनीकृत छोट्या संगणकाचा सल्ला देईन. लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे एलिटडेस्क मिनी हे पुस्तकाएवढे संगणक मोठ्या कार्यालयांसाठी तयार झालेले असल्यामुळे टिकाऊ आहेत, आणि त्यांपैकी चांगल्या स्थितीतील यंत्र बसल्या जागी साधारण ८ ते १५ वॅट घेते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा अधिकृतपणे किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे कार्यालयांतून बाहेर पडू लागली. लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर ती आजही उत्तम चालतात आणि त्यांना सुरक्षिततेच्या सुधारणाही मिळत राहतात. सातव्या पिढीचे यंत्र थोड्या फरकाने मिळत असेल तर ते घ्यावे, कारण नव्या कॅमेऱ्यांच्या अनेक दहा-बिट एचईव्हीसी (कमी जागेत बसणाऱ्या नव्या पद्धतीच्या) चित्रणांचे रूपांतर त्या पिढीपासून प्रोसेसरमधील चित्र-विभागच करतो. रॅम आठ जीबी पुरेल.

रास्पबेरी पाय ५ बसल्या जागी तीन-चार वॅटच घेतो, ही गोष्ट खरी. परंतु त्याच्यासोबत योग्य ॲडॉप्टर, पेटी, पंखा आणि साठवणूक वेगळी घ्यावी लागते, आणि आपल्या कामात अडचण दुसरीकडेच येते. नेहमीचा तीन अँपिअरचा ॲडॉप्टर लावला, तर हा पाय आपल्या सर्व यूएसबी जोडण्यांना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर देतो. पाच अँपिअरचा अधिकृत ॲडॉप्टर लावल्यावर ही मर्यादा १.६ अँपिअरपर्यंत जाते. अडीच इंची पोर्टेबल डिस्क फिरू लागताना एकटीच सुमारे एक अँपिअर मागते. दोन डिस्क जोडल्या की त्या मध्येच तुटतात आणि तेव्हा लिहिली जात असलेली फाइल बिघडते. घरभरच्या जाहिराती अडवणे किंवा पाण्याच्या टाकीची पातळी नोंदवणे अशा हलक्या कामांना पाय फार चांगला आहे. एन-१०० हा २०२३ च्या जानेवारीत आलेला प्रोसेसर काटकसरीत आणि चित्रणाच्या रूपांतरात नूतनीकृत यंत्राहून सरस आहे. परंतु आपल्या रकमेतला मोठा वाटा त्या यंत्रावरच जाईल आणि डिस्कसाठी काही उरणार नाही, म्हणून आपल्याला मी तो सुचवत नाही.

दुकानात यंत्र पाहताना त्यासोबत मूळ कंपनीचा ॲडॉप्टर आहे ना, हे पाहावे, कारण काही यंत्रे परका ॲडॉप्टर ओळखत नाहीत आणि मुद्दाम मंद चालतात. बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताच आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला, आधीच्या कार्यालयाचा पासवर्ड लावलेला नसावा. बायोसमध्ये वीज गेल्यानंतर परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते; ती आहे याची खात्री करून दुकानातच चालू करून घ्यावी. आपल्या भागात ही एक सोय नसेल, तर प्रत्येक वेळी वीज आल्यावर कुणीतरी जाऊन बटण दाबावे लागते आणि महिन्याभरात घरच्यांना या सर्व्हरचा कंटाळा येतो. आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदी पाहाव्यात आणि निकामी भागांची संख्या शून्य नसेल, तर ती डिस्क फुकटही घेऊ नये.

यंत्रावर नऊ हजार गेल्यावर उरलेल्या सहा हजारांत बसेल तेवढी मोठी नवी डिस्क घ्यावी. आपला साठा पाहता ती दोन टीबीहून मोठीच हवी. ती सर्व्हरला कायम जोडलेली राहील, आणि आपल्याकडच्या जुन्या पोर्टेबल डिस्कवर दुसरी प्रत ठेवता येईल. साडेतीन इंची डिस्क फिरत असताना एकटीच पाच ते आठ वॅट घेते आणि तिला वेगळा बारा व्होल्टचा पुरवठा लागतो. अडीच इंची डिस्कचे एक-दोन वॅटांत भागते. म्हणजे दहा वॅटांच्या यंत्राला दोन मोठ्या डिस्क जोडल्या की विजेचा वापर दुप्पट होऊ शकतो. वापर नसताना डिस्क थांबवण्याची सोय लिनक्समध्ये आहे. ती वीस-तीस मिनिटांवर ठेवावी. दोन-तीन मिनिटांवर ठेवल्यास डिस्क दिवसभर थांबत आणि सुरू होत राहते व त्यानेच तिची झीज होते.

दोन डिस्क एकमेकींची हुबेहूब आरसाप्रत म्हणून सतत जोडून ठेवण्याची पद्धत स्टुडिओवाल्यांमध्ये लोकप्रिय आहे. डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, एवढाच तिचा लाभ आहे. चुकून पुसलेले लग्न दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते, आणि विजेच्या झटक्यातही दोन्ही एकत्रच सापडतात. आपले ग्राहक त्यांच्या आयुष्यातला परत न येणारा दिवस आपल्या हवाली करतात. म्हणून दुसरी प्रत यंत्रापासून तोडून कपाटात आणि तिसरी गावाबाहेर, एखाद्या नातलगाच्या घरी असावी, याबद्दल मी आग्रही आहे. ही तिसरी प्रत इंटरनेटवरून पाठवण्याचा विचार असेल, तर ५० एमबीपीएस अपलोडच्या जोडणीवर दोन टीबी जायला अखंड पावणेचार दिवस लागतात. पहिली प्रत हाताने नेऊन द्यावी आणि नंतर फक्त नवी भर इंटरनेटवरून पाठवावी.

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात करंट दिवसातून अनेकदा जातो आणि कधी चार-पाच तास येत नाही. वळिवात शेजाऱ्यांचा राऊटर जळाला. घरी इन्व्हर्टर आहे आणि एक जुना लॅपटॉपही आहे. अशा ठिकाणी सर्व्हर चालवणे शक्य आहे का?
– एक प्राथमिक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : शक्य आहे, आणि आपल्याकडचा लॅपटॉप त्यासाठी योग्य यंत्र आहे. पडदा बंद असताना बहुतेक लॅपटॉप ६ ते १२ वॅट घेतात आणि बॅटरी त्यांच्या पोटातच असल्यामुळे वीज गेल्याचे सर्व्हरला जाणवतही नाही. बॅटरी उतरत आली की लिनक्स स्वतःच सर्व फाइल नीट मिटून यंत्र बंद करते. पोर्टेबल डिस्कही लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालत असल्याने तिचाही पुरवठा तुटत नाही.

मात्र बॅटरीकडे लक्ष द्यावे लागेल. वर्षभर शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिलेली लिथियम बॅटरी फुगू शकते. ज्या लॅपटॉपमध्ये भरण्याची मर्यादा ठरवता येते, त्यात ती ६० ते ८० टक्क्यांवर आणावी. थिंकपॅडसह अनेक मालिकांमध्ये ही सोय बायोसमधून किंवा लिनक्समधून मिळते. लॅपटॉप बंद कपाटात, गादीवर किंवा कपड्यांच्या ढिगाजवळ न ठेवता भिंतीपासून थोड्या अंतरावर कडक फळीवर ठेवावा. टचपॅड वर उचलला गेला किंवा खालच्या झाकणाला फट पडली, तर यंत्र त्याच क्षणी बंद करून जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यावी. बॅटरीशिवायही लॅपटॉप सर्व्हर म्हणून चालतो, पण मग त्याला इन्व्हर्टरचा आधार लागतो.

इन्व्हर्टरवर बहुधा दोन रीती निवडण्याचे बटण असते. पंखे-दिव्यांसाठीच्या साध्या रीतीत वीज बदलून येईपर्यंत एवढा खंड पडतो की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. यूपीएस रीतीत हा खंड बराच कमी असतो आणि संगणक तग धरतो. राऊटर आणि फायबरची पेटी यांच्यासाठी बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस वेगळा घ्यावा, असे मी सुचवेन. मोठा इन्व्हर्टर काहीही भार नसताना स्वतःसाठीच वीज घेत राहतो, त्यामुळे दहा-वीस वॅटांच्या यंत्रांसाठी तासन्‌तास तो राबवणे महाग पडते. रात्रीचे चार-पाच तास वीज नसेल, तर सर्व्हर झोपला तरी काही बिघडत नाही. घरचा सर्व्हर चोवीस तास चाललाच पाहिजे, असा आग्रह खेड्यात धरू नये.

राहिला विजांचा प्रश्न, आणि आपल्याकडे तोच सर्वांत गंभीर आहे. वळीव येतो तेव्हा जमीन उन्हाळ्याने कोरडी पडलेली असते आणि जांभ्या मातीत अर्थिंगचा खड्डा सुकला की जादा दाबाला जमिनीत उतरायला वाट राहत नाही. म्हणून मार्च संपताना खड्ड्यात पाणी घालायला सुरुवात करावी आणि विजेच्या कारागिराकडून अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर स्पाइक गार्ड लावून फारसे संरक्षण मिळत नाही. फायबरची काच विजेचे वहन करत नाही, परंतु खांबावरून घरात येणाऱ्या केबलमध्ये आधारासाठी बहुधा पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच संपवून फक्त काचेचा भाग आत आणायला जोडणी देणाऱ्यास सांगावे. आकाश गडगडू लागले की प्लग आणि लॅनची तार काढणे हाच खात्रीचा उपाय आहे, आणि लॅपटॉप त्यानंतरही आपल्या बॅटरीवर चालू राहतो. आपल्या बाजूच्या पावसात भिंती ओलावतात, त्यामुळे कपाटातील बॅकअपची डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पावसाळ्यातही महिन्यातून एकदा चालवून पाहावी.

प्रश्न : मला लिनक्स येत नाही. मला फक्त घरातल्या चार फोनमधले फोटो आपोआप एका ठिकाणी जमा व्हायला हवे आहेत. शिकण्यासारखे आहे का?
– एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : निश्चितच आहे. डेबियन या लिनक्सवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली एकदा बसवली की पुढचे बहुतेक काम दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून बटणे दाबून होते. सर्व्हरला पडदा किंवा कीबोर्ड जोडावा लागत नाही. छायाचित्रांसाठी इमिच हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. त्याचे ॲप प्रत्येक फोनवर टाकले की घरच्या वायफायवर येताच नवे फोटो आपोआप उतरतात, आणि चेहऱ्यावरून, ठिकाणावरून किंवा तारखेवरून शोधताही येतात. त्यासाठी आठ जीबी रॅम असावी. पहिल्या काही रात्री जुन्या फोटोंमधले चेहरे ओळखताना यंत्र गरम होईल आणि पंख्याचा आवाज येईल. ते काम संपले की ते शांत होते. फोनमधले फोटो पुसण्यापूर्वी सर्व्हरवरची दुसरी प्रत तयार आहे ना, हे पाहावे. बसवण्याचे काम पहिल्यांदा एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याकडून करून घेतले तरी चालेल, पण पासवर्ड आपण स्वतः ठेवावेत आणि वहीत लिहून ठेवावेत.

प्रश्न : मुलगी पुण्यात नोकरीला आहे. घरचा सर्व्हर तिला तिकडून दिसावा असे वाटते, परंतु आमचा इंटरनेटवाला स्थिर पत्ता (स्टॅटिक आयपी) देता येणार नाही म्हणतो.
– एक वाचक, हिंडलगा

उत्तर : स्थिर पत्त्याची गरज नाही. राऊटरच्या माहितीच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहावा. त्याचा पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे आणि त्या पत्त्यावर बाहेरून थेट येण्याचा मार्गच नाही. अशा वेळी टेलस्केलसारखी सेवा उपयोगी पडते. सर्व्हरवर आणि मुलीच्या फोनवर ती बसवली की दोन्ही यंत्रे बाहेरच्या दिशेने जोडणी करतात आणि त्यांच्यात वायरगार्ड पद्धतीचा सांकेतिक मार्ग तयार होतो. घरगुती वापरासाठी ती विनामूल्य आहे. ज्यांना खरा सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यांनीही सांबा या फाइल वाटपाच्या सॉफ्टवेअरचे दार इंटरनेटवर उघडे ठेवू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू विंडोजच्या फाइल वाटपाच्या अशाच दारातून शिरला होता.

प्रश्न : आमच्या घरी पणजोबांपासूनचे जमिनीचे आणि वाटणीचे कागद आहेत. जुने मराठीत आहेत, त्यांतले काही मोडीत. अलीकडच्या पहाण्या (सातबारासारखे कर्नाटकातील उतारे) कन्नडमध्ये आहेत. ते स्कॅन करून सर्व्हरवर ठेवले, तर शब्द टाकून शोधता येतील का? त्यासाठी मोठे यंत्र लागेल का?
– एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : हा प्रश्न आपल्या भागातील बहुतेक घरांचा आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्यापूर्वीचे पुष्कळ सरकारी कागद मराठीत आणि नंतरचे हळूहळू कन्नडमध्ये, अशी सरमिसळ एकाच गाठोड्यात सापडते. पेपरलेस-एनजीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर स्कॅन केलेले कागद वाचून त्यांतला मजकूर शोधण्याजोगा करते. वाचण्याचे काम आतील टेसरॅक्ट ही प्रणाली करते आणि तिच्यात मराठी, कन्नड व इंग्रजी या तिन्ही भाषांची सोय आहे. मांडणी करतानाच या तिन्ही भाषा एकत्र निवडाव्यात, नाहीतर कन्नड पहाणीचे अर्थहीन अक्षरांत रूपांतर होते. कागद ३०० डीपीआयवर, सपाट आणि सरळ ठेवून स्कॅन करावेत.

मोठे यंत्र लागत नाही. पाने वाचत असताना प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालतो, पण ते काम काही मिनिटांचे असते. एखादा तास यंत्राने ३५ वॅट घेतले, तरी युनिटाचा पंचविसावा हिस्साही खर्च होत नाही. उरलेला महिना ते स्वस्थच बसणार आहे, म्हणून येथेही यंत्र बसल्या जागीच्या वॅटांवरूनच निवडावे.

छापील मजकूर चांगला वाचला जातो, हस्तलिखित मराठी फारसे वाचले जात नाही आणि मोडी अजिबात नाही. मोडी कागदांचे चित्र जपावे, जाणकाराकडून देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावे आणि ते लिप्यंतर त्याच नोंदीला जोडावे, म्हणजे शोध त्या मजकुरावर चालतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टंकलेखकाकडून करून घेतलेल्या फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर त्यांतील अक्षरे पडद्यावर मराठी दिसत असूनही शोधात सापडत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. आकड्यांचीही काळजी घ्यावी. एकाच सर्व्हे नंबरचे अंक एका कागदावर देवनागरीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये आणि तिसऱ्यावर इंग्रजीत असतात आणि यंत्र त्यांना तीन वेगवेगळे शब्द समजते. म्हणून प्रत्येक नोंदीचे शीर्षक हाताने द्यावे : गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, वर्ष आणि कागदाचा प्रकार, सर्वत्र एकाच लिपीत आणि एकाच क्रमाने. हे काम वेळखाऊ आहे, पण घरातील थोरल्यांना शेजारी बसवून केले, तर कोणत्या शेताला घरात काय म्हणतात, कुणाच्या वाटणीला काय आले, हेही टिपणात नोंदवता येते, आणि ही माहिती कोणत्याही कागदावर नसते.

सर्व्हरवरची प्रत कचेरीत किंवा न्यायालयात मूळ कागदाची जागा घेत नाही. मूळ कागद सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. नवी पहाणी काढली की ती जुन्या प्रतीवर न लिहिता स्वतंत्र नोंद म्हणून ठेवावी, कारण कोणत्या वर्षी कोणाचे नाव चढले आणि कोणाचे उतरले, हे दोन्ही प्रती समोर असल्याशिवाय दाखवता येत नाही.